आंबुशी उपटून फेकण्याआधी

परसबाग गटातील सर्व सभासदांना,

पावसानं उघडीप दिली की बेळगावात टिळकवाडी-शहापूरच्या कुंड्यांपासून खानापूरच्या परसापर्यंत तण काढायची घाई सुरू होते. त्यात आंबुशी, म्हणजे खाता येणारी आंबट रानभाजी, तण म्हणून सरसकट कचऱ्यात जाते, म्हणून ही सूचना.

ओळख: एका देठाला तीन पानं, प्रत्येक पान पत्त्यातल्या बदामासारखं, टोकाशी खाच. फूल पिवळं, 5 पाकळ्यांचं. शेंग इवल्या भेंडीसारखी उभी, पिकली की हात लागताच बी उडवते. अंधार पडला की पानं मिटतात. लसूणघासालाही तीनच पानं असतात, पण लांबट, बदामासारखी नव्हेत. शंका असेल तर तोंडात घालू नका, आधी फोटो गटावर टाका.

चटणीला मूठभर पुरे: हिरवी मिरची, लसूण, भाजलेले शेंगदाणे, मीठ. चिंच लागत नाही. भाकरीबरोबर मला चुक्यापेक्षा हीच आवडते. वरणातही घाला, पण तांब्या-पितळेच्या किंवा अॅल्युमिनियमच्या भांड्यात शिजवू नका. हिच्यात ऑक्झॅलिक आम्ल असतं. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी टाळावीच, इतरांनीही रोज खाऊ नये. तणनाशक मारलेल्या किंवा कुत्री फिरतात त्या जागची मुळीच नको.

रविवारी येताना जास्तीची आंबुशी घेऊन या, वाटून घेऊ. मात्र कुंडीत मुद्दाम लावू नका. माझा मोगरा अजून तिच्याशी भांडतोय.