रविवारी मोमात: मोंद्रियानचा ठेका

मंडळी,
येत्या रविवारी सकाळी १०.१५ ला न्यूयॉर्कच्या मोमाबाहेर (म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट, म्हणजे आधुनिक कलेचं संग्रहालय), ५३व्या रस्त्यावरच्या दाराशी जमायचं. गर्दी व्हायच्या आत डच चित्रकार मोंद्रियानचं ‘ब्रॉडवे बूगी वूगी’ (१९४२-४३) हे चित्र निवांत बघू.

– येण्याआधी घरी थोडा बूगी-वूगी पियानो (ब्लूजमधली जोशपूर्ण वादनशैली) ऐका. डाव्या हाताचा ठेका कानात बसला की पिवळ्या पट्ट्यांवरचे लाल, निळे, करडे चौकोन उड्या मारायला लागतात. मोंद्रियानची नेहमीची काळी रेघ इथे एकही नाही. शोधून बघा!
– तिकीट ज्याचं त्याने आधीच ऑनलाइन काढावं.
– स्केचबुक लहान, सोबत फक्त पेन्सिल. रंग घरीच ठेवा. फोटो काढताना फ्लॅश बंद.
– येणाऱ्यांनी शुक्रवार रात्रीपर्यंत नाव कळवावं. ‘बघतो, सांगतो’ चालणार नाही.