आत कोण राहतं, हा प्रश्न राहिलाच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बँकांच्या ऑनलाइन लिलावात घर घेणाऱ्यांना नेहमी पडणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं काल आपल्या पुरवणीत आली आहेत. मी ती दोनदा वाचली. नोंदणी कशी करायची, केवायसीला काय लागतं, बोली हरलो तर अनामत रक्कम परत कशी मिळते, सगळं आहे. ताब्याबद्दल मात्र एकच ओळ आहे, 'मालमत्तेची पाहणी व चौकशी खरेदीदाराने स्वतः करावी'. ती वाचून माझा संताप संताप झाला.

आम्ही चौकशी केली होती. कल्याणच्या पुढे एका इमारतीत दोन खोल्यांचा फ्लॅट होता, राखीव किंमत, म्हणजे कमीत कमी बोली, २१ लाख. पाहणीच्या तारखेला मी आणि हे, दोघंही गेलो. बँकेने पाठवलेला मुलगा गेटपाशीच उभा होता. त्याने खालूनच बोट दाखवलं, "तो तिसरा मजला, हिरवी जाळी लावलेली खिडकी." मी विचारलं, "आत कोणी राहतं का?" तो म्हणाला, "ते सगळं बँक बघते, ताई. तुम्ही बोली लावा." जाळीच्या आत दोरीवर कपडे वाळत होते. ते मला दिसले होते. भाडेकरू असतील, निघतील, असं मीच मनाशी म्हटलं.

वीस-वीस हजारांनी चढत बोली २३ लाख ६० हजारांवर आमच्या नावे सुटली. त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी एकूण रकमेच्या २५ टक्के भरावे लागतात. २ लाख १० हजार अनामत वजा जाऊन ३ लाख ८० हजार आम्ही दुसऱ्या दिवशी भरले. उरलेले १७ लाख ७० हजार विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. बँकेने लेखी मान्य केलं तर ही मुदत वाढते, पण तीन महिन्यांपुढे नाही. कर्जासाठी दोन ठिकाणी गेलो. दोन्हीकडे पहिला प्रश्न हाच, की ताबा प्रत्यक्ष आहे की सांकेतिक? तोवर आम्हाला हा शब्दच माहीत नव्हता. सांकेतिक म्हणजे बँकेने दारावर नोटीस चिकटवली, पेपरात छापली, आणि घरात माणसं तशीच राहतात. त्यावर कर्ज द्यायला दोघांनीही नकार दिला. मागे फिरलो असतो तर भरलेले ५ लाख ९० हजार जप्त झाले असते, नियमच तसा आहे. म्हणून यांचा फंड आणि माझे दागिने गेले.

विक्री प्रमाणपत्र हातात आल्यावर आम्ही नारळ आणि नवं कुलूप घेऊन गेलो. दारावर खरवडून काढलेल्या नोटिशीचा अर्धा कागद अजून चिकटलेला होता. साखळी न काढता एका आजींनी दार उघडलं. "लिलावातले तुम्हीच का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. मागे शाळेच्या गणवेशात एक मुलगी उभी होती. आम्ही कुलूप पिशवीत तसंच ठेवून परत आलो.

पुढे अकरा महिने लागले. थकलेल्या कर्जापोटी गहाण घर ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार बँकांना देणाऱ्या २००२ च्या सरफेसी कायद्याच्या कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांनी ३० दिवसांत, कारणं नोंदवली तर फार तर ६० दिवसांत प्रत्यक्ष ताब्याचा आदेश द्यायचा असतो. तो द्या म्हणून अर्ज करणं बँकेच्या हाती, खरेदीदाराच्या नाही. आदेशानंतर पोलीस बंदोबस्ताची तारीख मिळायची आणि पुढे जायची. या काळात आम्ही भाड्याच्याच घरात होतो. त्या आजींचे दिवस कसे गेले असतील, ते मी नको म्हटलं तरी डोळ्यांसमोर यायचं. ताब्याच्या दिवशी सामान खाली गेल्यावर त्या दारात थांबल्या आणि मला म्हणाल्या, "पाणी साडेपाचला येतं, पावणेसातला जातं. पिंप भरून ठेवत जा."

आपल्या उत्तरांत आणखी एक चूक आहे आणि ती महागात पडेल. 'आधीची थकबाकी आधीच्या मालकाची' असं आपण सरसकट लिहिलंत. सोसायटीने आमच्याकडून आधीचा मेंटेनन्स वसूल केल्याशिवाय नावावर सभासदत्व केलं नाही. विजेबाबत तर सर्वोच्च न्यायालयानेच मे २०२३ मध्ये सांगितलं आहे, की नियमांत तरतूद असेल तर लिलावात घेतलेल्या जागेची जुनी बाकी नव्या मालकाकडे मागता येते. लिलावाच्या नोटिशीतल्या 'जे आहे जेथे आहे, जे आहे जसे आहे' या शब्दांचा अर्थ व्यवहारात हाच होतो. तेव्हा बोलीच्या आधी सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटा, वीज मीटरचा क्रमांक घेऊन बाकी बघा, आणि तिसऱ्या मजल्यावर जाऊन दार वाजवा. हे आपण छापायला हवं होतं.

आणि एक आपल्याच घरचं. अशी लिलावाची नोटीस दोन वृत्तपत्रांत, त्यातल्या एकात स्थानिक भाषेत, छापावीच लागते. आमची मराठी नोटीस आपल्याच पेपरात होती. 'सांकेतिक' हा शब्द त्यात सातव्या ओळीत, मुंगीएवढ्या अक्षरात होता. नंतर भिंग घेऊन मी तो शोधला. एका पानावर अशा वीस-वीस नोटिसा आपण कोंबता आणि मराठीही अशी, की धनको कोण आणि ऋणको कोण हे दोनदा वाचावं लागतं. जाहिरातीचे पैसे बँक देते हे मला कळतं. पण ज्यांच्यासाठी ती नोटीस असते त्या वाचकांचं वय काय, डोळे कसे, याचा विचार आपण करावा. ताबा सांकेतिक की प्रत्यक्ष, आत कोण राहतं, थकबाकी किती, एवढ्या तीन गोष्टी मालमत्तेच्या पत्त्याखाली ठळक अक्षरांत आल्याशिवाय नोटीस घेणार नाही, असं आपण जाहिरातदारांना सांगू शकता. सांगाल का?

आपली,
एक निवृत्त परिचारिका, डोंबिवली
(नाव व पत्ता कार्यालयास कळवला आहे)