गणिताच्या उत्तरपत्रिकेत आकृतीला गुण हवेत

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गणित शिकवताना आकृतीला जे दुय्यम स्थान मिळते, त्याविषयी हे पत्र. सूत्र आधी फळ्यावर येते, त्यावरची उदाहरणे सोडवून होतात आणि वेळ उरलाच तर आकृती काढली जाते. मग (अ + ब)² चा विस्तार अ² + ब² असा लिहिणारे विद्यार्थी वरच्या वर्गांतही भेटतात, यात नवल नाही. अ + ब बाजूचा चौरस काढून त्याचे चार भाग पाडले, तर दोन लहान चौरसांखेरीज उरणारे दोन आयत समोरच दिसतात आणि २अब कुठून आले हे वेगळे पाठ करावे लागत नाही. भास्कराचार्यांनीही १२ व्या शतकात ‘बीजगणित’ या ग्रंथात कर्णावरील चौरसात चार काटकोन त्रिकोण आणि मध्ये एक लहान चौरस बसवून कर्णाच्या वर्गाचा नियम दाखवला होता.

अर्थात डोळे फसतातही. ८ × ८ च्या चौरसाचे ठरावीक चार तुकडे करून ते ५ × १३ च्या आयतात मांडले, तर क्षेत्रफळ ६४ चे ६५ झाल्याचा भास होतो. कर्णासारखी दिसणारी रेषा मुळात सरळ नसते. एका तुकड्याच्या कडेचा चढ ३/८, तर दुसऱ्याचा २/५ असतो, आणि त्या चिंचोळ्या फटीतच जास्तीचा एक चौरस एकक दडलेला असतो. हे कोडे वर्गात जरूर मांडावे, कारण आकृतीने सुचवलेले गणिताने तपासायचे असते ही सवय त्यातून लागते.

पाठ्यपुस्तकांतील एकसुरी आकृत्या मला अधिक घातक वाटतात. त्रिकोण बहुधा आडव्या पायावर आणि लघुकोनच काढलेला असल्याने, विशालकोन त्रिकोणाचा शिरोलंब बाहेर पडतो तेव्हा अनेकांना तो शिरोलंबच वाटत नाही.

म्हणून शाब्दिक उदाहरणासोबत तयार आकृती छापण्याचे प्रमाण कमी करून, विद्यार्थ्याने स्वतः काढलेल्या आकृतीला स्वतंत्र गुण द्यावेत, अशी परीक्षा मंडळांना विनंती आहे. मापे काटेकोर नसली, पण बाजू आणि कोनांतील संबंध बरोबर दाखवले असतील, तर कच्ची आकृतीही ग्राह्य धरावी.

आपला नम्र,
एक गणित शिक्षक