अखेर त्याने विचारलं

प्रिय मित्रा,

सप्रेम सलाम.

फोन करणार होतो, पण फोनवर तू मध्येच सुरू होतोस आणि माझं राहून जातं. म्हणून लिहितोय. इथे सगळे बरे आहेत. हिची कंबर अधूनमधून धरते, माझं ब्लडप्रेशर गोळीवर नीट चाललंय, दादांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि आता त्यांना पुन्हा सगळ्यांचे दोष स्पष्ट दिसू लागलेत. झाली तब्येतीची बातमी.

माझ्या शेजारच्या टेबलवाला तुला आठवतो ना? लंबूच्या लग्नात तुझ्याशी रात्री उशिरापर्यंत वाद घालत बसला होता, देव असेल तर त्याने एकदा हजेरी लावून जावी म्हणून, तोच. त्याने परवा मला विचारलं. इतकी वर्षं आम्ही शेजारी बसतो, माझ्या आईच्या दफनविधीला तो आला होता, रविवारी मी कुठे असतो हे त्याला माहीत आहे. पण या विषयावर त्याने आपणहून कधी शब्द काढला नव्हता. मी अधूनमधून दार किलकिलं करून पाहिलं होतं. तो हसून ते लावून घ्यायचा आणि मीही दारात पाय घालून उभा राहायचो नाही.

त्याचे वडील गेले. त्यांचा मोबाइल आता त्याच्या ड्रॉवरमध्ये असतो. सकाळी आला की पहिल्यांदा तो त्याला चार्जिंगला लावतो. रोज दुपारी पावणेचारला त्यात गजर होतो आणि स्क्रीनवर ‘गोळी’ अशी अक्षरं येतात. वडिलांना आठवण राहावी म्हणून यानेच लावून दिलेला गजर. तो ड्रॉवर उघडतो, गजर थांबवतो, ड्रॉवर लावतो. कायमचा काढून टाकत नाही. आमच्या विभागात सगळ्यांना तो आवाज ओळखीचा झालाय. कोणी काही बोलत नाही, सगळे क्षणभर खाली बघतात आणि पुन्हा कामाला लागतात.

परवा गजर थांबवल्यावर त्याने मोबाइल परत ठेवला नाही. हातात धरून माझ्याकडे वळला आणि म्हणाला, “तुझी आई गेली तेव्हा तू केवढा रडलास, मी पाहिलंय. तुमच्यात तर पुन्हा भेट होणार म्हणतात. मग रडायचं कशाला? आणि रडूच येत असेल तर त्या मानण्याचा उपयोग काय?”

त्यात टोमणा नव्हता रे. त्याला खरंच हवं होतं उत्तर.

मला पहिल्यांदा आठवली ती लाजाराची कबर, आणि तिथेच टेबलाशी बसून मी त्याला योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय सांगत सुटलो. मित्र लाजार आजारी असल्याचा निरोप येशूला जातो, प्रभू पोचतो तोवर लाजाराला कबरेत ठेवून चार दिवस झालेले असतात. आणि थोड्याच वेळात आपण याला हाक मारून बाहेर बोलावणार आहोत हे ज्याला पक्कं ठाऊक आहे, तोच तिथे रडतो. मी म्हटलं, “ज्याला पुढचं सगळं माहीत होतं तो रडला, मग मी कोण लागून गेलो?” प्रेषित पौलाचंही सांगितलं, की थेस्सलनीकाकरांना पत्रात तो लिहितो ते एवढंच, की ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा खेद करू नका. खेदच करू नका असं तो म्हणत नाही. आणि आईचं सांगितलं. स्तोत्र ९० तिला पाठ होतं हे तुला माहीतच आहे: आयुष्याची वर्षं सत्तर, शक्ती असली तर ऐंशी, म्हणून आमचे दिवस गणायला आम्हाला शिकव. ती खरोखर तो हिशेब घालून जगली. भांडण मिटल्याशिवाय तिने घरात दिवा मालवू दिला नाही. तुला वेगळं सांगायला नको, एका रात्री ते भांडण तुझंमाझंच होतं आणि तिने आपल्या दोघांना पहाटेपर्यंत बसवून ठेवलं होतं! त्याला म्हटलं, ती गेल्यावर घर रिकामं झालं, अजून आहे. पण तिच्याबद्दल ‘संपली’ असं माझ्या तोंडून निघत नाही, कारण माझ्या मनात ती संपलेली नाहीच.

तो ऐकून घेत होता. मग त्याने दुसरा प्रश्न विचारला, आणि खरं तर त्याच्यासाठीच हे सगळं लिहायला बसलोय.

“मग माझे वडील कुठे असतील? ते तर तुमच्या येशूला मानत नव्हते.”

तुझे आजोबा गेले त्या रात्री अंगणात बसून तू मला हेच विचारलं होतंस. त्या वेळी मी तुझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काही बोललो नाही, आणि पुढे तू म्हणालास की तेच बरं झालं. आपलं वेगळं होतं. एकमेकांच्या गप्प बसण्याचा अर्थ आपल्याला कळतो. त्याच्यापुढे मी गप्प बसलो असतो तर त्याने त्याचा एकच अर्थ काढला असता. बायबल वर्गात हा प्रश्न आला की सगळे तावातावाने बोलतात, तूही बोलायचास. बापाचा मोबाइल हातात घेतलेल्या माणसासमोर मात्र एकेक शब्द उचलावा लागतो.

मी त्याला म्हणालो, “तुझे वडील कुठे आहेत हे मला सांगता येणार नाही. त्या न्यायासनावर मी बसलेलो नाही. जो बसलाय त्याला मी ओळखतो, म्हणून मी घाबरत नाही. अब्राहामाने त्यालाच तोंडावर विचारलं होतं, सगळ्या जगाचा न्यायाधीश न्यायच करणार ना? माझा भरवसा तोच आहे. तारण ख्रिस्ताच्या द्वारे आहे असं मी मानतो, ते तुझ्यापासून लपवणार नाही. पण तुझ्या वडिलांचं मन शेवटच्या घटकेला कुठे वळलं होतं, हे त्याच्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही.” येशूच्या शेजारच्या वधस्तंभावरच्या, अगदी शेवटच्या घटकेला त्याच्याकडे वळलेल्या त्या गुन्हेगाराची गोष्ट जिभेवर आली होती. ती सांगितली नाही. खरी असली तरी त्या क्षणी ती हातात खेळणं दिल्यासारखी झाली असती असं मला वाटलं. तुला काय वाटतं?

तो म्हणाला, “निदान खोटं तरी बोलला नाहीस.” मग मोबाइल ड्रॉवरमध्ये ठेवला. आणि निघताना म्हणाला, “ते कबरेपाशी रडण्याचं आहे ते मला वाचायचंय. शनिवारी येऊ का घरी?”

झोप लागेना रे मला त्या रात्री. आनंद होताच, खोटं कशाला बोलू. पण त्याबरोबर एक काळजीही येऊन बसलीय, आणि ती मी आपल्या पाळकांना सांगितली तर ते हातात एक पुस्तिका ठेवतील, मावशीला सांगितली तर ती उपास धरेल, म्हणून तुला सांगतोय. दुःखाने माणूस मऊ झालेला असतो. अशा वेळी त्याच्याशी विश्वासाचं बोलणं म्हणजे त्याच्या दुःखाचा फायदा घेणं तर नव्हे? वडील असते तर तो शनिवारी आला असता का? उद्या सावरल्यावर त्याला वाटलं, की मी रडत होतो आणि याने संधी साधली, तर? तो माझ्या आईच्या कबरेवर माती टाकायला उभा होता, मित्रा. त्याला मी ‘साक्ष देण्याची संधी’ म्हणून बघूच शकत नाही. आणि ज्या आशेवर मी स्वतः उभा आहे ती त्याच्यापासून राखून ठेवली, तर मी त्याचा कसला मित्र?

आता तू हसत असशील. तरुण संघाच्या दिवसांत आपण यावरूनच भांडायचो. तू म्हणायचास, जगून दाखव, मग बोलायची गरज पडणार नाही. लोकांनी तुमची सत्कृत्यं पाहावीत असं प्रभूनेच डोंगरावर सांगितलंय. मी तुझ्यापुढे पौलाच्या रोमकरांस पत्राचा दहावा अध्याय नाचवायचो: ऐकलंच नाही तर विश्वास कसा ठेवतील, आणि घोषणा करणाऱ्यावाचून ऐकतील कसे? एका वर्षी त्यावरून आपण नाताळच्या गायनवृंदात शेजारी उभं राहायलाही तयार नव्हतो, आणि लंबूला मध्ये उभं करावं लागलं. तो दोन्हीकडून बेसूर!

तर घे, तुझी अर्धी जीत मी कबूल करतो. त्याने माझं एकही प्रवचन लक्षात ठेवलेलं नाही. त्याने पाहिलं ते माझं रडणं. पण उरलेली अर्धी मी सोडणार नाही. पावणेचारला त्याने विचारलं तेव्हा माझ्याजवळ शब्द नसते, तर तो ड्रॉवर लावून पुन्हा कामाला लागला असता.

शनिवारची तयारी म्हणून तो अध्याय मी पुन्हा वाचला, तेव्हा एक गोष्ट दिसली. तुला आधीच दिसली असेल तर फुशारकी मारू नकोस. मार्था बाहेर येऊन प्रभूला म्हणते, तुम्ही इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. पुढे मरीया येते आणि अगदी तेच म्हणते. वाक्य एकच. मार्थेला तो उत्तर देतो, ‘पुनरुत्थान व जीवन मीच आहे’ हे एवढं मोठं वचन त्या घरात मृत्यू होऊन चारच दिवस झालेले असताना तिला मिळतं, आणि पुढे तो तिला सरळ विचारतो, तू हे मानतेस का? मरीयेला मात्र तो काहीच समजावत नाही. तिला रडताना पाहून विव्हळतो, कुठे ठेवलंय विचारतो, रडतो. दोघी बहिणी, दुःख एक, तक्रार एक. एकीला शब्द, दुसरीला आसवं. आपण दोघं इतकी वर्षं भांडलो, आणि तो एकाच दुपारी दोन्ही करून मोकळा. म्हणजे दुःखात बोलायचंच नाही असा नियम करता येत नाही, आणि बोलायचंच असाही नाही. समोर कोण आहे ते पाहावं लागतं. माझी काळजी यामुळे गेलेली नाही, पण आता ती योग्य जागी आहे. शनिवारी माझ्याकडे मार्था येणार की मरीया, हे मला ओळखता आलं पाहिजे.

आपल्या कवी ना. वा. टिळकांचीही आठवण झाली. आगगाडीत भेटलेला एक अनोळखी गोरा प्रवासी त्यांच्याशी आपुलकीने बोलत बसतो, उतरण्यापूर्वी नवा करार हातात देतो, एवढंच. पुढे मत्तयाचे ते तीन अध्याय, डोंगरावरचं प्रवचन, त्यांना सोडवेना. आणि १० फेब्रुवारी १८९५ ला त्यांचा बाप्तिस्मा झाला. डब्यातल्या माणसाने बोलून पुस्तक दिलं, पुढचं त्याच्या हातात नव्हतं. माझ्याही हातात नाही. हे मला रोज सकाळी नव्याने स्वतःला सांगावं लागतं, कारण मला सगळं स्वतःच तडीस न्यायची सवय आहे.

आणखी एक. त्याच्यात आणि माझ्यात विभागप्रमुखपदावरून गेले काही महिने जरा ताण होता, तुला सांगितलं होतं. दोघांचीही नावं पुढे आहेत. परवापासून ती खुर्ची माझ्या मनातून इतकी लहान झालीय की शोधावी लागते. मिळाली तर बसेन, काम मन लावून करेन. पण त्या खुर्चीवर आमच्यानंतर कितीतरी जण बसून जातील. तो मात्र, शेजारी बसलेला हा माणूस, संपणारा नाही. दृश्य गोष्टी क्षणिक आणि अदृश्य त्या सार्वकालिक, हे पौलाने करिंथकरांना लिहिलं. त्याच करिंथात अक्विला आणि प्रिस्किल्लेच्या घरी राहून तो तंबू करत होता, आणि त्या गावी तो दीड वर्ष राहिला. मग पुढच्याच अध्यायात शरीराला तो तंबू म्हणतो, यात नवल काय? तंबू किती टिकतो हे ते करणाऱ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? आणि मला हे फार आवडतं, की अनंतकाळाबद्दल असं लिहिणारा माणूस दिवसा गिऱ्हाइकाचं काम वेळेवर करून देत होता. अनंतकाळावर नजर ठेवणं म्हणजे टेबलावरून उठून आभाळाकडे बघत बसणं असं मला कधीच वाटलं नाही. टेबलाशी बसूनच ते करायचं असतं, पगाराच्या कामात, रजेच्या अर्जात, दुसऱ्याच्या ड्रॉवरमधला गजर ऐकून घेण्यात.

तुझं काय चाललंय? बदलीचं पत्र आलं की अजून नुसत्या बातम्याच? धाकटीचा निकाल काय लागला? वहिनींना सांग, त्यांनी पाठवलेली शाल दादा उन्हातसुद्धा सोडत नाहीत. गुडघा दाखवून घे, उगाच अंगावर काढू नकोस.

आता कामाचं. शनिवारी त्याला योहान अकरा तर वाचून दाखवायचाच आहे. पण पुढे यायचा म्हणाला तर सुरुवात कुठून करू? मला लूकचं शुभवर्तमान वाटतंय. सगळ्याचा मुळापासून नीट शोध करून लिहितोय असं तो पहिल्याच ओळींत सांगतो, आणि आपल्या या गड्याला कागदपत्र तपासल्याशिवाय सही करायची सवय नाही. शिवाय हरवलेल्या पुत्राची गोष्ट लूकमध्येच आहे, आणि बापाबद्दल वाचायला त्याला आत्ता जड जाईल की बरं वाटेल, ते मला ठरवता येत नाही. तू वर्गात नव्यांना शिकवतोस, तुला हे जास्त कळतं. शुक्रवारपर्यंत कळव, फोन केलास तरी चालेल, या खेपेला मी ऐकून घेईन.

शनिवारी संध्याकाळी सहाला आम्ही बसू. त्या वेळी जिथे असशील तिथे दोघांसाठी प्रार्थना कर. आणि तुझं ते आमेन, त्याची एवढी घाई करू नकोस.

तुझाच,
मित्र