काढ्याचे प्रमाणही छापा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पावसाची झड लागली की बेळगाव, खानापूर, निपाणीकडे घरोघरी नाके चोंदतात आणि 'सायनसवर रामबाण' उपाय पेपरांत आणि मोबाइलवर फिरू लागतात. सुंठ, मिरे, तुळस, ओवा, निलगिरी ही नावे बहुतेक बरोबर असतात. पण किती घ्यायचे आणि कोणी घ्यायचे नाही, हे त्यांत नसते. आपण असे उपाय छापता तेव्हा या दोन गोष्टींसाठी चार ओळी जास्त द्याव्यात, एवढ्यासाठी हे पत्र.

सर्दीपाठोपाठ गाल आणि भुवया ठणकणे, वाकले की कपाळ जड होणे, घट्ट पिवळा शेंबूड येणे हा तीव्र सायनसचा त्रास बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतो आणि सात ते दहा दिवसांत ओसरतो. शेंबडाचा रंग बदलला एवढ्यावरून अँटिबायोटिक सुरू करायचे कारण नाही. या काळात वनौषधींचा उपयोग होतो. सायनसच्या उपचारांवरील 2020 सालच्या युरोपीय मार्गदर्शिकेने पेलार्गोनियम या वनस्पतीच्या अर्काचे थेंब, मायर्टॉलच्या (निलगिरीसारख्या सुगंधी तेलांच्या अर्काच्या) कॅप्सूल आणि पाच वनस्पतींचे एक प्रमाणित मिश्रण यांचा लक्षणे कमी करायला उपयोग होतो, असे नोंदवले आहे. मात्र ती ठरावीक मात्रेत बांधलेली औषधे आहेत. ते वाचून निलगिरीचे तेल चमच्याने पोटात घेऊ नये. लहान मुलाला एक चमचा तेलानेही झटके येऊ शकतात.

आता काढा. एका माणसासाठी एका वेळेला दोन ग्रॅम भरड सुंठ, दोन ग्रॅम ज्येष्ठमध आणि दोन-तीन मिरे 200 मिली पाण्यात मंद आचेवर निम्मे होईपर्यंत उकळावेत. मग गॅस बंद करावा आणि तेव्हाच सात-आठ तुळशीची पाने व बोटभर गवती चहा टाकून दहा मिनिटे झाकून ठेवावे. चूक नेमकी इथे होते. तुळस, गवती चहा पहिल्यापासून खळखळ उकळले की त्यांचे सुगंधी तेल वाफेबरोबर निघून जाते. घरभर वास सुटतो आणि पातेल्यात कडवट पाणी उरते. झाकणाला आतून जमलेले थेंबसुद्धा काढ्यात झटकून घ्यावेत. जेवणानंतर, दिवसातून दोनदा, पाच ते सात दिवस पुरे. आयुष मंत्रालयाने 2020 मध्ये सुचवलेल्या काढ्यातही 150 मिली पाण्याला सारे चूर्ण मिळून तीनच ग्रॅम होते. लोकांनी मूठमूठ मिरे टाकले आणि मग छातीत जळजळ, तोंड येणे सुरू झाले. रक्तदाब असणाऱ्यांनी ज्येष्ठमध वगळावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर काढ्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

सर्दी-खोकल्यावर चाटायच्या सितोपलादी चूर्णाच्या 31 भागांपैकी 16 भाग खडीसाखर असते. मधुमेही माणूस 'आयुर्वेदिक आहे' म्हणून ते दिवसातून चार वेळा चाटतो, तेव्हा त्याला हे कोणी सांगितलेले नसते.

याहून मोठा घोटाळा त्रिभुवनकीर्तीचा. सर्दीची साधी गोळी म्हणून ती घराघरांत असते, पण ती निव्वळ वनौषधी नव्हे. तिच्यात हिंगूळ म्हणजे पाऱ्याचे खनिज आहे आणि बचनाग ही विषारी मुळीही आहे. शुद्ध केलेला बचनागही मात्रा चुकली की जीभ-ओठ बधिर करतो, हृदयाचे ठोके बिघडवतो. अशा विषद्रव्यांच्या औषधांवर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' हा इशारा इंग्रजी आणि हिंदीत छापणे कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडे बाकीचा मजकूर कानडीत असला तरी ही हिंदी ओळ देवनागरीत असते. बाटली हातात घेतली की आधी ती शोधावी.

काष्ठौषधीच्या दुकानातही कानडी नावे माहीत असलेली बरी. अतिमधुर म्हणजे ज्येष्ठमध, हिप्पली म्हणजे पिंपळी, बजे म्हणजे वेखंड. बजे काढ्यात घालू नये. सुंठ-वेखंड सहाणेवर उगाळून कपाळाला पातळ लेप लावणे ठीक, पण डोळ्यांपासून दूर, आणि कातडी चुरचुरू लागली की लगेच धुवावा.

नाकात काय घालावे याबाबत मात्र कडक राहिले पाहिजे. देवडांगरी या कडू रानवेलीच्या फळाचा रस किंवा लसणाची पाकळी नाकात घातली की धो धो पाणी येते, आणि 'सगळी घाण निघाली' असे म्हणतात. ती घाण नसते. पोळलेले अस्तर पाझरत असते, आणि सुजेने सायनसचे, म्हणजे नाकाशेजारच्या हाडांतील पोकळीचे, तोंड आणखी बंद होते. तेलाचे नस्यही, म्हणजे नाकात तेलाचे थेंब सोडणेही, नव्या सर्दीत चरकसंहितेनेच वर्ज्य सांगितले आहे.

नाक धुवायचे तर मिठाच्या पाण्याने. पाव लिटर पाण्याला सव्वादोन ग्रॅम मीठ, म्हणजे पाच मिलीच्या चमच्याने अर्ध्याहून थोडे कमी. मीठ कमी पडले की नाक झोंबते. पाणी किमान एक मिनिट खळखळून उकळलेले आणि कोमट झालेलेच हवे. विहिरीचे किंवा नळाचे पाणी तसेच नाकात ओढू नये. मेंदूत शिरणारा अमीबा याच वाटेने जातो, आणि त्याचे रुग्ण केरळात आढळले आहेत. नाक पूर्ण बंद असेल तर जोर लावू नये. धुतल्यावर दोन्ही नाकपुड्या दाबून शिंकरू नये, पाणी कानाकडे जाते.

दहा दिवसांनीही उतार नसेल, बरे वाटता वाटता पुन्हा ताप चढला, किंवा 102 च्या वर ताप आणि एका गालात तीव्र ठणका तीन-चार दिवस राहिला, तर काढा थांबवून डॉक्टरांना दाखवावे. डोळ्याभोवती सूज, एकाचे दोन दिसणे, मान ताठरणे, ग्लानी, आणि मधुमेही माणसाच्या नाकात काळी खपली, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री इस्पितळ गाठावे.

आपला विश्वासू,
एक आयुर्वेद चिकित्सक, खानापूर