हसरा सूर्य आणि नऊ टॉवेल

संपादक साहेब, स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत 'कोकणात कधी जाल' म्हणून अर्धं पान अडवून जो तक्ता छापलाय तो वाचला. रत्नागिरीच्या रकान्यात मे महिन्यासमोर एक हसरा सूर्य, शेजारी ३३ अंश, खाली 'सुसह्य हवा, पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून'. छान. पावसाला कळवलंय का पण?

आमचे साडू नागपूरचे. २०२५ च्या मे मध्ये असलाच कुठलातरी तक्ता बघून आठवडाभर राहायला आले, घरची नऊ माणसं घेऊन. आल्याआल्या मला म्हणाले, आमच्याकडे पंचेचाळीस राहते भाऊ, हे काय ऊन आहे का! दुपारी जेवून उठले तर बनियन पिळून काढावं अशी अवस्था, पंख्याखालून हलेनात, वर विचारतात तुमच्याकडे कूलर कसा नाही. अहो कूलर कोरड्या हवेत चालतो, इथे हवेतच एवढं पाणी की कूलर लावला तर चिकचिक अजून वाढते. तुमच्या तक्त्यात दमटपणाचा रकानाच नाही, नुसत्या ३३ आकड्यावर माणूस फसणारच ना.

आणि मग पाऊस. वळीव असेल, तासाभरात जाईल असं मीच छातीठोक सांगितलं, ते अजून ऐकवतात मला. कसला वळीव, समुद्रात कमी दाब, २४ मेला ते वादळी प्रकरण रत्नागिरी-दापोलीच्या मधेच किनाऱ्यावर चढलं आणि २६ ला मान्सून मुंबईत हजर, जिथे तो ११ जूनला यायचा असतो. भाट्याच्या लाटा बघून मेव्हणीने पोरांना गाडीतून उतरूच दिलं नाही. उरलेले दिवस घरात. नऊ टॉवेल, खुर्च्यांच्या पाठीवर, दारांवर, एक तर टीव्हीवर, आणि चार दिवस एकही वाळला नाही, कुबट वास सगळ्या घरात. शेवटी बायको पोरांचे कपडे इस्त्रीने वाळवत बसली तर लाईट गेली. निदान आंबे तरी खा म्हणून शेवटची पेटी फोडली, पावसात भिजलेला माल तो, निम्म्यात अळ्या. जाताना साडू म्हणतात, तुम्ही इथलेच ना, आधी सांगायचं नाही का?

जुलैसमोर तर तुम्ही 'रिमझिम पाऊस, ताजी मासळी' लिहिलंय. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते साहेब, मोठी सुरमई आणायला आपण जाणार आहात का? आणि रिमझिम म्हणाल तर आमच्याकडे जुलैत छत्री उलटी होते. त्यापेक्षा नोव्हेंबर अर्धा सरला की फेब्रुवारीपर्यंत या म्हणावं, सकाळी चादर लागते, समुद्र शांत असतो, तर तिथे तुम्ही काय छापलंय, 'गर्दी टाळा'!

काल दुपारीच साडूंनी त्या तक्त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवलाय, खाली लिहिलंय 'यंदा मे?'. मी अजून उत्तर दिलेलं नाही.

जाता जाता एक, आतल्या पानावर रोज भरती-ओहोटीच्या वेळा यायच्या त्या दोन महिने गायब आहेत आणि त्या जागी राशीभविष्य वाढवलंय. किनाऱ्यावरच्या गावात पेपर विकता तर तेवढं तरी द्या. जागा नसेल तर तो हसरा सूर्य काढा.

आपला एक जुना वाचक,
मांडवी, रत्नागिरी