ल्युब्लियानाहून आई-बाबांना

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

म्युनिकहून चार दिवस रजा काढून ल्युब्लियानाला आलेय. स्लोव्हेनियाची राजधानी, पण वस्ती जेमतेम 3 लाख. पहिल्या दिवसापासून एकच घोकतेय, तुम्हा दोघांना इथे आणायचंच.

आई, तुझ्या गुडघ्यांचं आधी सांगते. 2007 पासून इथल्या जुन्या शहरात मोटारींना बंदी आहे. विजेवर चालणाऱ्या छोट्या गाड्या तेवढ्या फिरतात. हात केला की थांबतात, पैसे लागत नाहीत. काल एक आजी भाजीची पिशवी घेऊन चढल्या, दोन गल्ल्या पुढे उतरल्या. मला तूच दिसलीस! टेकडीवरच्या किल्ल्यावरही उतारावरच्या रेल्वेनं जाता येतं, पायऱ्या चढायला नकोत.

नदीकाठी मंडई आहे. तिथली लांबलचक खांबांची ओसरी प्लेचनिक नावाच्या वास्तुविशारदानं बांधली. चौकातला जुना दगडी पूल अपुरा पडायला लागला, तेव्हा त्यानं तो पाडला नाही. दोन्ही बाजूंना पायी चालणाऱ्यांसाठी एकेक पूल जोडला. 1932 पासून तिन्ही शेजारी शेजारी उभे आहेत. असं जुन्याला सांभाळून घेणारं काम मला फार आवडतं. 2021 मध्ये त्याच्या इथल्या कामाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. मंडईत चेस्टनटच्या फुलांचा मध चाखला, काळपट आणि चक्क कडवट. तुझ्यासाठी बाटली घेतलीय, कोमट पाण्यात घालून बघ.

बाबा, तुम्हाला मुख्य चौक दाखवायचाय. राजधानीच्या ऐन मध्यभागी पुतळा राजाचा नाही, सेनापतीचा नाही, कवीचा! फ्रान्से प्रेशेरेन. 8 फेब्रुवारी, त्याची पुण्यतिथी, देशभर सुट्टी असते. त्याच्याच कवितेचं एक कडवं राष्ट्रगीत आहे. ज्या यूलियावर त्याचं प्रेम होतं, तिनं दुसऱ्याशी लग्न केलं. समोरच्या एका घराच्या भिंतीवर खिडकीत बसलेली तिची मूर्ती कोरलीय आणि पुतळ्याची नजर तिकडेच. कट्ट्यावर बसून तुम्ही कविता म्हणाल, आम्ही ऐकू.

मे-जूनमध्ये हवा छान असते, तेव्हाच या. बाबा, दोघांच्या पासपोर्टची मुदत आजच बघा. परतीच्या तारखेनंतर किमान 3 महिने ती शिल्लक लागते, नाहीतर व्हिसा अडतो. तिकिटांचं मी बघते.

तुमची,
मनू